तिसरी बाजू

खोदाई ठरल्या रेषेत चालल्याच्या पंधरवड्याच्या दाखल्यावर केतकी मयेकरने सही करायला नकार दिला, तेव्हा सगळ्यांत आधी हसला तो तिचा सख्खा भाऊ.

"कारण काय लिहायचं?" हर्षदने विचारलं. तो दुसऱ्या बोगद्याचा पाळीप्रमुख होता. पाळी संपवून तसाच वर आला होता, भुवयांवर दगडाची ओली भुकटी होती. "पंपवाल्याने सांगितलं म्हणून?"

"हो, तेच लिही. पहिल्या बोगद्यातला पंपवाला संतोष शिगवण म्हणतो, की खोदाईचा आवाज जवळ यायला लागलाय."

प्रकल्प संचालक खानविलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, रेखकने या पंधरा दिवसांत एकोणीस हजार तपासण्या केल्या. एकोणीस हजार बरोबर. आणि तुम्ही मला एका माणसाचा कान दाखवताय?"

"तीन दिवस द्या. लेसरने मोजून घेऊ."

"तीन दिवस!" हर्षद खुर्चीतून उठलाच. "ताई, काय बोलत्येस ते कळतंय का तुला? त्या मऊ दगडात खोदणारं यंत्र दोन दिवस उभं राहिलं, की डोंगर ते आवळून टाकतो. मग ते काढता येत नाही. जन्मात नाही."

"मला माहीत आहे."

"तुला कागद माहीत आहेत."

खानविलकरांनी हात वर करून त्याला गप्प केलं. केतकीच्या सहीशिवाय खोदाई आणखी आठ दिवस चालवता येत होती. नवव्या दिवशी नियमाने ती बंद करावी लागली असती. "आठ दिवस," ते म्हणाले. "कागदावर लिहिता येईल असं कारण आणा. नाहीतर तुमच्या जागी सही करणारा माणूस मी पुण्याहून मागवून घेतो."

साल होतं २०४१. आंबेटाक घाटातला पहिला बोगदा सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी खालच्या चाळीस गावांना मोठं इस्पितळ गाठायचं तर घाट चढावा लागे, आणि दरड आली की घाट बंद. सात वर्षांपूर्वी केतकीची आई अशाच एका बंद घाटात रुग्णवाहिकेत अकरा तास पडून होती. तिच्या उशाशी हर्षद होता. केतकी पुण्याला, प्राध्यापक रिसबुडांच्या संस्थेत होती. ती पोचली तेव्हा आई गेली होती, तिला रुग्णवाहिकेतून खाली उतरवलं होतं. भावाने तेव्हा तिला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं केतकीला पुढे अनेकदा वाटलं. कारण मग तो एकदाच म्हणाला असता.

पहिल्या बोगद्यातून दोन्ही बाजूंची वाहनं एकाच नळीतून जात. एखादा ट्रक बंद पडला, की चार-चार तास सगळं ठप्प. म्हणून शेजारून दुसरा बोगदा खणायला घेतला होता. दोन्हींच्या मध्ये तीस मीटर दगड सोडायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना धक्का न लावता उभे राहतील, असा हिशेब होता. त्या तीस मीटरची राखण रेखक नावाचं यंत्र करत होतं.

केतकी त्याच दुपारी संतोष शिगवणच्या पंपाशी गेली. पहिल्या बोगद्यात साडेतीन किलोमीटर आत, भिंतीत कोरलेल्या खोबणीत त्याची जागा होती. शेजारून गाड्या धडधडत जात होत्या. संतोष साठीला टेकलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"आधी नुसती गुरगुर यायची," तो म्हणाला. "पुढच्या पुढं निघून जाईल असं वाटलेलं. गेला महिनाभर ती जाडच होत चाललीय. परवा फळीवरला डबा सरकून खाली पडला. हात लावा भिंतीला."

तिने लावला. काँक्रीट थरथरत होतं. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. दगड ओला असला तरी आवाज जास्त येतो. पण हात काढून घेतल्यावरही ती थरथर तिच्या तळव्यात राहिली.

डोंगराच्या पोटात उपग्रहाचा संदेश पोचत नाही. पूर्वी मोजणीदार लेसर घेऊन यंत्राच्या मागून येत, पण त्यासाठी माल वाहणारी गाडी बंद ठेवावी लागे, आणि गाडी बंद म्हणजे यंत्र बंद. रिसबुडांनी त्यावर तोड काढली होती. दगडात एका ठिकाणी ठोका द्यायचा आणि दुसरीकडे पुरलेल्या सेन्सरने तो ऐकायचा. ठोक्याच्या लहरीने अंतर मोजणं बेभरवशाचं असतं. कोरड्या दगडात ती वेगाने धावते, ओल्यात रेंगाळते. रिसबुडांची हुशारी अशी, की त्यांनी अंतर मोजणंच सोडून दिलं.

अ‍ॅफाइन भूमिती नावाची एक भूमिती आहे. तिच्यात लांबी नाही, कोन नाही. रबराच्या तुकड्यावर चौकोन काढा आणि रबर एका बाजूने सारखं ताणा. चौकोन तिरपा होतो, बाजू लांबतात, काटकोन मोडतात. पण ज्या रेषा समांतर होत्या त्या समांतरच राहतात. एवढंच ज्याला कळतं अशी ही भूमिती. बोगद्याला आणखी काय हवं होतं? पहिल्या बोगद्याच्या सुरुवातीच्या दोन किलोमीटरांत सेन्सर बसवून ती मूळ रेषा धरली. पुढे पंख्यांच्या गोंगाटात सेन्सर चालत नव्हते, आणि त्यांची गरजही नव्हती. त्या रेषेला समांतर राहा, एवढाच रेखकला हुकूम होता.

कुठल्याही भूमितीचा पाया म्हणजे काही गृहीतकं, जी सिद्ध करायची नसतात, मानायची असतात. रेखकला तीन दिली होती. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. सगळे बिंदू एकाच रेषेत नसतात. लहर ज्या वाटेने जाईल ती रेषा, असं रेखक समजायचा आणि ही तीन वाक्यं दिवसातून हजारदा तपासून बघायचा. पडद्यावर हिरव्या अक्षरांची रांग लागायची. समांतर. समांतर. समांतर.

ही यादी नऊ वर्षांपूर्वी केतकीनेच लिहिली होती. तेव्हा तिच्यात चौथं वाक्यही होतं.

रिसबूड तिसऱ्या दिवशी पुण्याहून आले. खानविलकरांनीच बोलावलं होतं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी केतकीला समोर बसवलं. चौसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज अजूनही वर्गातल्यासारखा.

"तू अजून तशीच आहेस," ते म्हणाले. "शंका काढली म्हणजे बुद्धी दिसते, असं तुला वाटतं."

"सर, चौथं गृहीतक यादीत नाही. दोन त्रिकोणांचं."

"कारण ते गृहीतक नाहीच. ते प्रमेय आहे. मीच शिकवलंय तुला."

दोन त्रिकोण घ्यायचे. त्यांचे कोपरे जोडीजोडीने जोडणाऱ्या तिन्ही रेषा एकमेकींना समांतर. एका त्रिकोणाची पहिली बाजू दुसऱ्याच्या पहिल्या बाजूला समांतर, दुसरी दुसरीला समांतर. मग तिसरीही तिसरीला समांतर असलीच पाहिजे. कुणीही म्हणेल, यात सांगायचं काय. पण सपाट प्रतलावर राहून, पहिल्या तीन वाक्यांवरून, हे सिद्ध करता येत नाही. प्रतल सोडून वर उठलं, अवकाशात गेलं, तरच येतं.

"अवकाशात सिद्ध होतं, सर. पण आपले सगळे सेन्सर बोगद्याच्या तळाशी, एकाच पातळीत आहेत. रेखकला वर आणि खाली ठाऊकच नाही. त्याच्यासाठी जग म्हणजे एक प्रतल."

"मग?"

"रेषा वाकत असल्या तरी त्याला कळणार नाही."

रिसबुडांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, एका अमेरिकन गणितज्ञाने कागदावर असंच एक जग रचून दाखवलं होतं. मधोमध एक उभी रेघ. एका बाजूला झुकलेल्या रेषा तिच्यातून सरळ पार होतात. दुसऱ्या बाजूला झुकलेल्या तिच्यापाशी मोडतात, सगळ्या एकाच नियमाने, आणि पुढे जातात. त्या मोडलेल्या रेषांनाच सरळ म्हणायचं. गंमत अशी, की पहिली तिन्ही गृहीतकं तिथेही तंतोतंत खरी ठरतात. दोन बिंदूंतून एकच रेषा, बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर. त्या जगात राहणाऱ्याला काहीही बिनसलेलं दिसत नाही. बिनसतं ते फक्त दोन त्रिकोणांचं वाक्य.

"तीन हजार शंभर मीटरवर काळा दगड संपतो," केतकी म्हणाली. "पुढे भुगा झालेला पट्टा आहे. त्यातल्या भेगा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, पाण्याने भरलेल्या. भेगांच्या दिशेने जाणारी लहर सरळ जाईल. आडवी जाणारी वळेल. ती मधली उभी रेघ आपल्या डोंगरात आहे, सर."

रिसबुडांनी चहाचा कप बशीत ठेवला. जराही आवाज न करता.

"नऊ वर्षांपूर्वी हे बोलली होतीस?"

"बोलले होते. हळू आवाजात."

"आणि मग सही केलीस. त्या यादीखाली दोन सह्या आहेत, केतकी. मी यंत्राचा निर्माता म्हणून. तू पडताळणारी म्हणून. यादी पुरेशी आहे, हे वाक्य तुझ्या सहीच्या वर आहे, माझ्या नाही." ते किंचित पुढे झुकले. "आज रेखक चौदा बोगद्यांत चालतोय. तू तोंड उघडलंस, तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? मला? मी तर कधीपासून सांगतोय, की पडताळणी हा स्वतंत्र विभाग असतो."

"तुम्ही ते वाक्य खोडलंत. माझ्यासमोर. लाल पेनाने."

"तो कागद आहे तुझ्याकडे?"

नव्हता.

"मग जा," रिसबूड म्हणाले. "आणि सही कर. शिगवण का कोण, त्याला दुसऱ्या पंपावर पाठव."

पुढचे तीन दिवस केतकी नोंदींत बुडाली. बोगद्याच्या भिंतीत अठरा हजार खुणेचे खिळे होते. शिवाय डोंगराच्या तपासणीसाठी जुन्या काळी घेतलेली बोअरची छिद्रं होती, त्यांतही त्याच पातळीवर सेन्सर होते. तिला नवीन काही उभारायचं नव्हतं. एक त्रिकोण त्या मधल्या रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि नऊ रेषा. तीन जोडणाऱ्या, सहा बाजू. सहाव्या दिवशी तिला अशी जोडी सापडली, की नऊपैकी आठ रेषा रेखकने आधीच कधी ना कधी तपासून ठेवल्या होत्या. जोडणाऱ्या तिन्ही समांतर. पहिल्या बाजू समांतर. दुसऱ्या समांतर. पलीकडल्या त्रिकोणाची तिसरी बाजू मात्र नोंदीत नव्हती. दुसऱ्या बोगद्याच्या दोन हजार चारशे पन्नासाव्या रिंगेजवळच्या खिळ्यावर एक ठोका दिला, की ती मिळणार होती.

ठोका देताना यंत्र शांत हवं. त्यासाठी ते मुद्दाम बंद करायची गरज नव्हती. दर दीड मीटर खोदून झालं, की काँक्रीटची नवी रिंग बसवायला यंत्र चाळीस मिनिटं थांबतंच.

सातव्या दिवशी दुपारच्या पाळीला ती हेल्मेट घालून माल-गाडीच्या पुढच्या डब्यात बसली. रिंग दोन हजार चारशे पन्नासला उतरली, तर समोर हर्षद उभा. त्याच्यामागे सहा-सात कामगार हातातलं काम टाकून बघत होते.

"परत जा."

"चाळीस मिनिटांतली दहा हवीत मला."

"तुझं नाव आजच्या हजेरीत नाही. या पाळीत काही झालं तर जबाबदार मी."

"एक ठोका आहे फक्त, हर्षद."

"एक ठोका!" तो कामगारांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना? बाईसाहेबांना एक ठोका द्यायचाय. मग म्हणतील लेसर लावा. मग म्हणतील पहिला बोगदाही बंद करा, तपासून घेऊ. आणि खालच्या गावांनी परत घाट चढायचा." आता तो तिच्याकडे बघत होता, आवाज खाली आला होता. "अकरा तास, ताई. आई पाणी मागत होती आणि डॉक्टर म्हणाला होता पाणी देऊ नका. अकरा तास मी तिला नाही म्हणत होतो. तू तेव्हा पुण्यात हेच करत होतीस ना? हेच यंत्र?"

"हेच."

"मग आता कसली शंका येते तुला?"

कामगारांसमोर नको, असं केतकीला एक क्षण वाटलं. मग ती म्हणाली, "त्याच्या नियमांची यादी मी केली. एक नियम त्यात राहिला. राहिला म्हणजे सरांनी काढला आणि मी काढू दिला. खाली सही माझी आहे. चूक असेल तर ती माझी आहे, संतोष शिगवणची नाही, तुझी नाही."

हर्षदने तिच्या हातातला हातोडा ओढून घेतला.

"मीच मारतो," तो म्हणाला. "आणि समांतर निघालं, तर उद्यापासून या डोंगरात तू दिसायची नाहीस. माझ्या घरीही नाही. कबूल?"

"कबूल."

खिळ्याच्या चपट्या माथ्यावर त्याने असा घाव घातला, की दोन कामगार मागे सरले. लहर दगडात शिरली. केतकीच्या हातातल्या पडद्यावर नववी रेषा उमटली, त्रिकोण पुरा झाला. तिने दोन्ही तिसऱ्या बाजू निवडल्या आणि प्रश्न विचारला.

समांतर नाहीत, असं रेखकने लिहिलं. त्याखाली नेहमीच्याच हिरव्या अक्षरांत पुढची ओळ आली. नोंद केली. विसंगती नाही.

हर्षदने पडदा स्वतःकडे वळवला. दोनदा वाचलं. "हे म्हणतंय विसंगती नाही."

"त्याला दिलेल्या नियमांत नाहीच. या बाजू समांतर असायला हव्यात, हे आम्ही त्याला सांगितलंच नाही."

"म्हणजे हिरवं दाखवतंय ते सगळं..."

"त्याच्यापुरतं खरं आहे. त्याच्या रेषा वाकलेल्या आहेत आणि आपण त्या रेषांवरून सहाशे मीटर खणत आलोय."

"कुठल्या बाजूला?"

"पहिल्या बोगद्याकडे."

"किती दगड उरलाय मध्ये?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही?"

"रेखकला अंतर कळत नाही, हर्षद. मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पंचवीस मीटर असेल. पाच असेल."

पुढून चालकाने हाक दिली. रिंग बसली होती. "साहेब, चालू करू?"

वरून पाणी टपकत होतं. हर्षद यंत्राच्या मागच्या लोखंडी शिडीकडे बघत राहिला. या यंत्रावर तो अडीच वर्षं होता. त्याचे आवाज त्याला घरातल्या माणसाच्या खोकल्यासारखे ओळखू यायचे. थांबवलं तर ते जाणार, हे त्या बोगद्यात त्याच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं. त्याने बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत जो राग होता, तो तिने त्याआधी कधी पाहिला नव्हता. आईच्या वेळीही नाही.

"चालू करू नका," तो म्हणाला. मग रेडिओ तोंडाशी धरला. "पहिल्या बोगद्याला सांगा, दोन्ही तोंडं बंद करा. आतली वाहनं बाहेर काढा. हो, माझ्या नावावर. मयेकर."

लेसरची मोजणी तीन दिवस चालली. दुसऱ्याच दिवशी डोंगराने यंत्र धरलं. पोलादी कवच आत दबत होतं आणि त्याचा किरकिराट बोगद्याच्या तोंडापर्यंत येत होता. कामगार बाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून तो ऐकत होते. केतकी समोरून गेली तेव्हा एकजण तिच्या पावलांपुढे थुंकला. हर्षद तिथेच होता. तो बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. तीस मीटरच्या जागी तेरा मीटर साठ सेंटिमीटर. पलीकडच्या भेगांतलं पाणी त्या दगडाला रेटत होतं. खोदाई तशीच चालली असती तर तीन-चार आठवड्यांत हा दगड फुटून पाणी वाहत्या रस्त्यावर आलं असतं, असा तज्ज्ञांनी अहवाल दिला. पण फुटला नव्हता. न झालेला अपघात कुणालाच दाखवता येत नाही. लोकांना दिसत होतं ते एवढंच, की दुसरा बोगदा गेला आणि पहिल्याच्या भिंतीत सिमेंट भरायचं म्हणून तोही आठ महिने बंद.

चौकशी रत्नागिरीला झाली. रिसबुडांनी शांतपणे सांगितलं, की यादी पुरेशी असल्याचा निर्वाळा पडताळणी विभागाचा होता. खोडलेल्या वाक्याबद्दल त्यांना काही आठवत नव्हतं. त्यांच्या वकिलाने तर असाही मुद्दा काढला, की तो ठोका मुळात ठरलेल्या खिळ्यावर पडलाच नव्हता. बाईंनी आपली चूक झाकायला चाचणी बनवली.

केतकीने वकील केला नव्हता. "निर्वाळा माझाच आहे," ती म्हणाली. "चौथं वाक्य हवं हे मला कळत होतं. सर रागावतील म्हणून मी जोर धरला नाही. बाकीच्या तेरा बोगद्यांत ते वाक्य आजच्या आज घाला. मग माझं काय करायचं ते करा."

हर्षदला साक्षीला बोलावलं. वकिलाने विचारलं, "त्या अंधुक उजेडात खिळा तोच होता, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

"ठोका मी मारला," हर्षद म्हणाला. "खिळ्याचा नंबर वाचून मारला. ती खोटी पडावी म्हणून मारला. तोच खिळा होता."

पाच वर्षं केतकीला कुठल्याही यंत्राच्या पडताळणीवर सही करायला बंदी झाली. रिसबुडांना समज देण्यात आली. तेरा बोगद्यांत रेखक थांबवून नवी यादी घातली. त्यांतल्या दोन ठिकाणी रेषा वाकलेल्या निघाल्या. वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर आली.

कचेरीच्या पायऱ्यांवर हर्षद तिच्यासाठी थांबला होता. आभार मानायला ती तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "तुझ्यासाठी बोललो नाही. जे झालं ते सांगितलं." मग रस्त्याकडे बघत, "मंगळवारी घाटात एक बाई गेली. निवेखुर्दची. बाळंतपणाला नेत होते. सहा तास वाहनं अडकलेली. मूल राहिलं."

"मी ऐकलं."

"मी जाऊन आलो तिकडे. तू जाऊ नकोस. दार लावून घेतील."

"लावू देत," केतकी म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्यांनी दार लावून घेतलं नाही. त्या बाईची सासू ओटीवर मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, तिने मान वळवली एवढंच. नवरा, तिशीचा विनायक घाणेकर, अंगणात आला. त्याने केतकीला बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही बंद केलात ना बोगदा?"

"हो."

"बंद झाला तर असं काही होईल, हे ठाऊक होतं?"

केतकीला वाटलं, हर्षदच विचारतोय. "हो. ठाऊक होतं."

विनायकने मान हलवली, जणू त्याला एवढंच नक्की करून घ्यायचं होतं. मग म्हणाला, "मधला दगड किती उरलेला? पेपरात आलं होतं. तेरा मीटर ना?"

"तेरा मीटर साठ."

तो ओटीच्या कडेला पाठ लावून उभा राहिला आणि लांब ढांगा टाकत अंगण मोजू लागला. एक, दोन, तीन, मोठ्याने. तुळशीपाशी पाच झाले. गोठ्याच्या मेढीपाशी नऊ. दगडी कुंपणाच्या गडग्याशी तेरा झाले, आणि आणखी अर्धं पाऊल टाकून तो थांबला. तिथून वळून त्याने आपल्या घराकडे पाहिलं, ओटीवरच्या आईकडे, तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे. मधल्या सगळ्या अंगणावर त्याची नजर फिरली.

"एवढा दगड होता?"

"एवढा."

"सगळा दगड? भरीव?"

"हो."

"मग पुष्कळ होता की," विनायक म्हणाला.

पाण्याचा दाब, कललेल्या भेगा, तीन-चार आठवडे, असं सगळं उत्तर केतकीपाशी तयार होतं. तो गडग्यापाशी उभा होता आणि ती ओटीपाशी, आणि त्याला उत्तर हवं होतं.